कुल्फी, कुलूप आणि डेअरीचं दूध



पाचवी-सहावीच्या वर्गात 'एखाद्या पदार्थाची कृती लिहा' हा प्रश्न दरवर्षी असतोच. आणि दरवर्षी पोरं तेच लिहितात. साहित्य, मग कृती, मग 'गरमागरम सर्व्ह करावे'. एका मुलानं तर लिंबू सरबताच्या शेवटी 'गरमागरम सर्व्ह करावे' असं लिहिलं होतं. गाईडमधलं वाक्य बोटाला इतकं चिकटलेलं की सरबत थंड असतं हे त्याला आठवलंच नाही. म्हणून मी ठरवलं की कृती लिहायची तर आधी ती हातानं करायची. पोह्यांनी सुरुवात झाली, मग भेळ झाली, आणि दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, सकाळची शाळा सुरू असताना, आम्ही वर्गात कुल्फी केली. फ्रीज नसताना. त्याचाच हा लेख आहे, पण आधी घरी करायची सोपी कुल्फी सांगते. उन्हाळा आहे, पालकांना तीच आधी हवी असणार.

माझ्या घरी अशी होते. म्हशीचं न तापवलेलं, साय न काढलेलं दूध १ लिटर. कढई पसरट घ्यायची. उंच पातेल्यात दूध आटायला दुप्पट वेळ लागतो, कारण वाफ निघायला तोंडच लहान. एक उकळी आली की गॅस मध्यमपेक्षा कमी करायचा आणि उलथन्यानं तळ खरवडत राहायचं. वर साय धरली की ती बाजूला कढईच्या भिंतीला लावायची, पुन्हा धरली की पुन्हा लावायची. शेवटी भिंतीवरची सगळी साय खरवडून दुधात सोडायची. ते रवाळ तुकडेच कुल्फीत दाताखाली येतात आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. पाऊण तासात दूध अर्ध्यापेक्षा किंचित खाली येतं आणि फिकट बदामी दिसायला लागतं. मग साखर, साधारण ७० ते ८० ग्रॅम, म्हणजे लहान वाटीभरापेक्षा थोडी कमी. साखर आधी घातली तर दूध तळाला लागायची भीती जास्त. साखर विरघळली की दोन-चार मिनिटं उकळून गॅस बंद. चार वेलदोड्यांची पूड, कोमट दुधात भिजवलेल्या केशराच्या काही काड्या, दहा-बारा पिस्त्यांची भरड. पूर्ण गार झाल्यावरच साच्यात भरायचं.

साचे नसतील तर स्टीलची फुलपात्रं चालतात, चहाचे कागदी कपही चालतात. वर फॉइल लावून मधोमध काडी खोचायची. झाकण मात्र हवंच. नाहीतर वर बर्फाचा भुगा जमतो आणि फ्रीजरमधल्या लसणाच्या पेस्टचा वास लागतो तो वेगळाच. आठ तास फ्रीजरला हात लावायचा नाही. मुलांना हे जमत नाही, दर अर्ध्या तासानं दार उघडून बघतात. काढताना साचा दोन तळव्यांमध्ये धरून फिरवायचा, जसा कुल्फीवाला फिरवतो. तळव्याच्या उबेनं कड सुटते.

आंब्याची करायची तर रस गरम दुधात घालू नका, दूध फाटतं. दूध गार झाल्यावर घाला. घाई असेल तर अर्धा लिटर दुधात १०० ग्रॅम खवा कुस्करून टाका, वेळ निम्मा होतो. मिल्क पावडर, ब्रेडचे स्लाइस, कॉर्नफ्लॉवर हे सगळे उपाय मी करून पाहिलेत. चव ठीक लागते. पण कॉर्नफ्लॉवरची कुल्फी मला गोठवलेल्या खिरीसारखी वाटते. ज्याची त्याची आवड.

साखरेचं प्रमाण मात्र सांभाळा. साखर कमी पडली तर कुल्फी दगड होते, फार झाली तर घट्ट होतच नाही. कारण दोन्हीकडे एकच: साखरेमुळे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. आणि दूध आटवायचं कशासाठी, तर म्हशीच्या दुधातसुद्धा शंभरात ऐंशीहून जास्त भाग पाणीच असतं. ते पाणी तसंच ठेवून गोठवलं तर त्याचे मोठे मोठे खडे होतात आणि कुल्फी कचकच लागते. आइस्क्रीम घुसळून त्यात हवा भरतात म्हणून ते हलकं. कुल्फीत घुसळणं नाही, हवा नाही. म्हणून ती जड, आणि उन्हात बराच वेळ टिकून राहणारी.

आता शाळेचं. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात, दोन शिक्षकांची. गावात फ्रीज आहेत, पण दिवसा लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि शाळेत फ्रीज नाहीच. म्हणून जुनी पद्धत घ्यायची ठरवली: बर्फ आणि खडे मीठ.

तयारी म्हणून आदल्या दिवशी भाषेचा तास घेतला. फळ्यावर क्रियापदं लिहिली. आटणे, गोठणे, वितळणे, विरघळणे, थिजणे, विरजणे, नासणे. मराठीत यांच्यासाठी किती वेगवेगळे शब्द आहेत बघा. पाणी गोठतं, तूप थिजतं, दही विरजतं, बर्फ वितळतो, मीठ विरघळतं. वितळणं आणि विरघळणं यात मोठी माणसंही गोंधळतात. शिवाय 'आटणे'चं 'आटवणे' होतं, 'गोठणे'चं 'गोठवणे'. प्रयोजक क्रियापद शिकवायला याहून सोपी जागा मला सापडलेली नाही. दूध आटतं, आई दूध आटवते. झालं शिकवून.

तर 'आटणे' वापरून वाक्य करा म्हटलं. हात वर आले. "विहीर आटली." बरोबर. "बोअरचं पाणी आटलं." बरोबर. "तळं आटलं." बरोबर. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, "बाई, आमची म्हैस आटली." म्हणजे दूध द्यायची थांबली. तेही बरोबरच. तीस मुलांत 'दूध आटलं' असं वाक्य एकाचंही आलं नाही. मी वाट पाहिली, खूण केली, चुलीवर काय आटतं म्हणून विचारलं. एकजण म्हणाला, "आमटी."

आमच्या गावात घरटी एक तरी म्हैस आहे. बऱ्याच पंढरपुरी, लांब शिंगांच्या, कमी चाऱ्यावर राहणाऱ्या. पहाटे पाचला धार काढतात आणि सहाला किटल्या घेऊन पोरंच डेअरीवर रांगेत उभी असतात. फॅट किती लागलं, एसएनएफ किती, हे चौथीतल्या पोराला तोंडपाठ. दशांश अपूर्णांक मला त्यांना शिकवावे लागलेच नाहीत. पण दूध? मी त्या दिवशी विचारलं, सकाळी दूध कोण पिऊन आलं? पाच हात. बाकीचे चहा, तोही बऱ्याच जणांचा कोरा. त्या मुलीनं वहीत लिहिलेलं वाक्य मी जपून ठेवलंय: "आमच्या घरी दोन म्हशी आहेत. त्यांचं दूध डेअरी पिते."

कुल्फीला तीन लिटर दूध लागणार होतं. मी तिच्याच आईकडे गेले. दुसरी म्हैस दुधाची होती. म्हटलं, "ताई, उद्या सकाळचं तीन लिटर दूध मला द्या, डेअरीच्या दरानं पैसे देते." त्या म्हणाल्या, "देते की. काय करताय?" मी सांगितलं. आटवून निम्मं करायचं म्हटल्यावर त्यांनी हातातलं वैरणीचं ओझं खाली ठेवलं.

"निम्मं? आन् उरलेलं निम्मं?"

"वाफ होऊन जातं."

"म्हंजी दीड लिटरचं पैसं हवेत सोडायचं."

हसल्या त्या, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. म्हैस घेतली ती कर्ज काढून. हप्ता परस्पर दुधाच्या बिलातून कापून जातो. बिल दहा दिवसांनी. पेंडीचे पैसे त्यातूनच, वाण्याची उधारी त्यातूनच, आणि दोनातली एक म्हैस आटलेली, ती खायला मागते, देत काही नाही. "बाई, पोरीला दूध द्यावं आसं मला वाटत न्हाई का? पर एक गिलास रोज म्हंजी दहा दिसाचं किती हुतंय, तुमीच गणित करा." मी केलं मनातल्या मनात. अडीच लिटर. पेंडीच्या हिशेबात ते लहान नव्हतं. शाळेत आम्ही 'दूध हे पूर्णान्न आहे' शिकवतो. ते वाक्य त्या गोठ्यात मला बोलवेना, आणि बोलायची गरजही नव्हती, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आतून त्यांच्या सासूबाई आल्या. विषय ऐकून म्हणाल्या, "बासुंदी करायचो की आमी. दसऱ्याला. येक म्हस हुती, डेरी नव्हती. दूध जायाचंच न्हाई कुटं, मंग आटवायचं न्हाई तर काय करायचं?" मी आजींनाच शाळेत या म्हटलं. त्यांनी आधी नको-नको केलं, आणि सकाळी साडेसातला लुगडं बदलून सगळ्यांच्या आधी हजर.

पोषण आहाराच्या ताईंनी मोठी कढई दिली. दूध आजींनी आटवलं, मुलं गोल करून बसली. गॅसजवळ एका वेळी दोनच मुलं, तेही हातभर लांब, हा नियम होता. मोजपट्टी उभी धरून दर दहा मिनिटांनी दुधाची उंची वहीत टिपायची, हे काम मुलांचं. आजींचं मोजमाप वेगळं. त्या उलथनं उचलून शेवटचा थेंब कसा पडतो ते बघत होत्या. "ह्ये बग, धार तुटाय लागली, आता झालं." पोरांनी 'धार तुटणे' हा शब्द लगेच वहीत घेतला. साय धरणे, दूध लागणे, उतू जाणे, कड सोडणे, असे एकूण चौदा शब्द त्या सकाळी मिळाले. गाईडमध्ये यातला एकही नसतो.

दूध गार होईपर्यंत गोष्ट सांगितली. 'कुल्फी' हा शब्द फारसीतून आला, झाकणाचा बंद पेला अशा अर्थानं, आणि त्याच्या मुळाशी अरबी 'कुफ्ल' म्हणजे कुलूप. आपलं 'कुलूप'सुद्धा त्याच शब्दावरून आलं. म्हणजे कुल्फी आणि कुलूप ही चुलत भावंडं. पोरं आधी हसली, पण नंतर आम्ही डब्यांची झाकणं कणकेनं लिंपून बंद केली तेव्हा एकजण ओरडला, "बाई, कुलूप लावलं!" पूर्वी कुल्फीचे साचे असेच कणकेनं बंद करायचे, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून. आता रबराची रिंग असते.

अकबराच्या काळात थंडाई कुठून आणायची हेही सांगितलं. 'आईने-अकबरी'त सोऱ्यानं पाणी गार करण्याची पद्धत दिली आहे, आणि डोंगरातून लाहोरला बर्फ येई. पण पोरांना सर्वांत नवल वाटलं ते अमेरिकेच्या बर्फाचं. १८३३ साली बॉस्टनहून एक जहाज बर्फ भरून कलकत्त्याला आलं, चार महिने समुद्रातून. नंतर मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. वितळला कसा नाही? लाकडाच्या भुशात बांधलेला होता. आमची लादीही तालुक्याहून मोटारसायकलवर भुसा आणि गोणपाटात गुंडाळूनच आली होती, त्यामुळे उत्तर डोळ्यांसमोर होतं.

दोन बादल्या. एकीत नुसता बर्फ, दुसरीत तीन भाग बर्फ आणि एक भाग खडे मीठ, एकावर एक थर देऊन. दोन्हींत सारखेच लहान डबे. विज्ञानपेटीतला थर्मामीटर पहिल्या बादलीत शून्यावर थांबला. दुसऱ्या बादलीत तो उतरत उतरत खाली गेला आणि उणे दहाच्या खाली दिसेनासा झाला, कारण त्याच्यावर त्याखाली रेघाच नाहीत. मिठानं बर्फ वितळतो, तर मग गार कसा होतो, हा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि मला फार बरं वाटलं. वितळायला उष्णता लागते. ती बर्फ स्वतःकडूनच आणि जवळच्या डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो. मिठामुळे हे वितळणं शून्याखालीही चालू राहतं. अगदी बरोबर प्रमाण जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं.

इथे शिक्षकांसाठी दोन गोष्टी ठळक सांगते. लादीचा बर्फ पोटात जाता कामा नये, तो बाहेरून गार करण्यापुरताच. आणि मीठ घातलेल्या बर्फात मुलांना उघडा हात घालू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते. डबा फिरवायचा तर जाड फडक्यानं. उघडण्याआधी डबा साध्या पाण्यानं नीट पुसा, कणीक काढताना खारं पाणी आत गळतं.

पाऊण तास मुलं आळीपाळीनं डबे फिरवत होती. मग आणखी अर्धा तास तसेच ठेवले. नुसत्या बर्फातला डबा उघडला तर गार दूध. मिठाच्या बादलीतला उघडला, चमचा उभा राहिला. वर्गात जो आवाज झाला तो शेजारच्या वर्गाच्या सरांना आवडला नसावा, पण दोन मिनिटांत तेही वाटी घेऊन आले.

प्रत्येकाला दोन-तीन चमचे. त्या मुलीनं पहिला चमचा खाल्ला आणि आजीकडे बघून म्हणाली, "हे आपल्या म्हशीचं आहे?" आजी म्हणाल्या, "मग कुणाचं?" तिनं दुसरा चमचा बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

त्यानंतरच्या कृती-लेखनात 'सर्व्ह करावे' एकाही वहीत आलं नाही. 'धार तुटेपर्यंत आटवावे' बावीस वह्यांत आलं. एकानं साहित्याच्या यादीत शेवटी 'आजी १' असं लिहिलं होतं. मी त्यावर बरोबरची खूण केली.

पण आठवड्यानं तिची आई रस्त्यात भेटली आणि थांबूनच म्हणाली, "बाई, चांगली चव लावलीत. रोज मागतीया आता. धार काढताना समोर येऊन बसतीया." मला काय बोलावं ते पटकन सुचलं नाही. चव लावून दिली की मागणंही येतं, आणि ते मागणं माझ्या दारात येत नाही, त्यांच्या येतं. मी म्हटलं, "बिलाच्या दिवशी एक दिवस?" त्या काहीच बोलल्या नाहीत, बादली उचलून निघाल्या.

पुढे मुलीकडूनच कळलं. बिल येतं त्या संध्याकाळी अर्धा लिटर घरात ठेवतात. कधी नुसतं गरम पितात, कधी आजी आटवते. महिन्यातून तीनदा. पेंड महागली त्या महिन्यात एकदाच झालं. दुसरी म्हैस व्याली तेव्हा चीक मात्र शाळेत वाटीभर खरवस होऊन आला, न मागता. बाकी चार घरांत असं काही सुरू झाल्याचं मला माहीत नाही, आणि घरोघरी जाऊन विचारणं मला बरं वाटलं नाही.

ज्यांना शाळेत करायचं आहे त्यांच्यासाठी हिशेब: तीस मुलांना ३ लिटर दूध, पाव किलोला थोडी कमी साखर, एक मोठी बर्फाची लादी, ५ किलो खडे मीठ आणि तीन तास. दूध शक्यतो वर्गातल्याच एखाद्या घरातून घ्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. बादलीतलं खारं पाणी झाडांना घालू नका, झाडं मरतात. आम्ही ते परातींत ओतून शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवलं. चार दिवसांत पाणी आटलं आणि तळाला मिठाचे चौकोनी खडे राहिले. पोरांनी ते बरणीत भरून वर चिठ्ठी लावली: 'खाण्यासाठी नाही. कुल्फीसाठी.' बरणी अजून कपाटात आहे, यंदाच्या एप्रिलला लागेल.